सत्काराला स्टेज, गाण्याला ओटा

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा खरंखुरं उभं राहणारं काहीतरी काढलं. ते एक स्टेज होतं, आणि दोन दिवसांनी काढूनही टाकायचं होतं.

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, दरवर्षी दिवाळी पहाट होते. समितीचे काका आमच्या शेजारीच राहतात. एकदा ते फाटकातूनच बाबांना म्हणाले, “तुमची पोरगी आर्किटेक्ट होऊन राहिली ना? मग यंदा स्टेज तिलेच काढू द्या. बिछायतवाल्याच्या डोक्यानं किती वर्षं चालायचं?”

मी आतल्या खोलीत होते. मला कोणी विचारलं नाही, पण मला आवडलं. ज्या कामात बोलावं लागत नाही ते मला आवडतंच.

गाणार होत्या माझ्या बाई. जुन्या शहरात, महाल भागात, त्यांच्या घरी मी सातवीपासून गाणं शिकते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे बंदिशी मी अजूनही रोमन अक्षरांत उतरवून घेते. बाईंनी एकदा वही उघडून पाहिली आणि विचारलं, “हे काय, डॉक्टरची चिठ्ठी आहे का?” मी वही मिटली. क्लासमध्ये मी फक्त गाते.

चार वर्षांपूर्वी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण बारीक होऊन. वरचे स्वर कधी लागतात, कधी वाटेतच विरतात. तेव्हापासून त्या लोकांसमोर गायल्या नव्हत्या. समितीचं बोलावणं मीच घेऊन गेले. त्यांनी विचार करायला पंधरा दिवस घेतले. मग म्हणाल्या, “एकदा बसून पाहते. नाही जमलं तर शिकवणं आहेच. पण मग मला पुन्हा कोणी विचारू नका.”

म्हणून मी ते स्टेज जीव लावून काढलं. चोवीस फूट रुंद, सोळा फूट खोल, चार फूट उंच. मागे बांबूच्या चटया, त्यांच्यावर पिवळा उजेड. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवरून बाईंच्या चेहऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, मधल्या खुर्चीवरून दुसरी, कडेच्या खुर्चीवरून तिसरी. एकही रेघ कोणाच्या डोक्याला अडत नव्हती. समोर पाहुण्यांसाठी सोफ्यांच्या दोन रांगा, सोफ्यांच्या पुढे रांगोळी आणि फोटोवाल्यांना जागा. काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “एक नंबर.” मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राच्या मालकांनी, त्यांनाही आम्ही काकाच म्हणतो, कागद उलटासुलटा करून पाहिला. “ताई, चार फूट पाहिजेच का?” त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांनी कागद परत दिला.

आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी बाईंना स्कूटीवर मागे बसवून आवाजाच्या चाचणीला आणलं. स्टेज खरोखर सुरेख दिसत होतं. बाई पायऱ्या चढून गादीवर बसल्या. माईकवाल्याने दिवे लावले. त्यांनी षड्ज लावला, एक ओळ म्हटली, आणि थांबल्या.

“तू कुठे आहेस?” त्यांनी माईकवरून विचारलं.

मी सोफ्यांच्या मागे, खुर्च्यांच्या पहिल्याच रांगेत उभी होते. हात हलवला. त्या माझ्या डावीकडे कुठेतरी पाहत राहिल्या. उजेड त्यांच्या डोळ्यांवर होता आणि मी अंधारात होते. मध्ये रांगोळी, सोफे आणि तीसेक फूट रिकामी जागा होती.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “होऊन जाईल.”

हे ‘ठीक आहे’ मला माहीत आहे. एखादी मुलगी रियाज न करता आली की बाई रागावत नाहीत, एवढंच म्हणतात आणि पुढच्या मुलीकडे वळतात.

परत जाताना महालाच्या गर्दीत मी स्कूटी हळू चालवत होते, तेव्हा त्या मागून बोलल्या. “उद्या मी वीस मिनिटं गाईन. मग तुम्हा पोरींना गायला बसवते. तयारी ठेव.”

“बाई, एक तास ठरलाय.”

“अगं, आता माझा गळा सगळं नाही करत. समोरच्याचं तोंड पाहते, तो सोबत आहे का ते पाहते, मग वर जाते. तिथे मला कोणाचं तोंडच दिसून नाही राहिलं. अंधारात जिन्याच्या पायऱ्या कशा चढू?” मग म्हणाल्या, “स्टेज छान केलंस पण.”

त्यांना घरी सोडलं आणि एका बंद दुकानासमोर स्कूटी लावून मी पिशवीतून तो कागद काढला. सगळ्या रेघा खुर्च्यांपासून निघून बाईंपर्यंत जात होत्या. बाईंपासून निघालेली एकही रेघ मी काढली नव्हती. कॉलेजात शिकवलेलं सगळं बरोबर होतं. फक्त गाणाऱ्यालाही डोळे असतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मैदानावर पोचले तेव्हा बिछायतवाले काका टेम्पोत उरलेल्या फळ्या आणि सतरंज्या टाकत होते आणि समितीचे काका खुर्च्या मोजत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला बोलायचंय हे कळायला त्यांना वेळ लागला.

“काय बेटा? बाई खूश ना?” समितीच्या काकांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “माझं चुकलं. स्टेज खूप उंच आहे, आणि लोक खूप लांब आहेत.”

“आता सांगून राहिली? चार फूट कोण म्हटलं होतं?”

“मीच.”

“ह्या पोरीनं मले मारलं!” त्यांनी बिछायतवाल्यांकडे पाहिलं. “आता हे तोडू कसं? उद्या पाहुणे येतात, सत्कार आहे, मागं बॅनर आहे. बॅनरचे पैसे देणारा मले सोडीन का?”

“तोडू नका,” मी म्हटलं, आणि पुढचं तोंडाने जमेना म्हणून कागदाच्या मागे काढून दाखवलं. मैदानाच्या कडेला लेआउटचं समाजभवन आहे. त्याला लांबलचक ओटा आहे, जेमतेम दीड फूट उंच. मागे पक्की भिंत, वर पुढे आलेला छज्जा. ओट्यावर बाई, समोर अर्धगोलात सतरंज्या, पहिली सतरंजी ओट्याला चिकटून.

बिछायतवाले काका माझ्या खांद्यावरून पाहत होते. “म्हणजे सत्काराले स्टेज अन् गाण्याले ओटा,” ते म्हणाले. “मी तर तवाच म्हणणार होतो, चार फूट काहून पाहिजे. पण ताईचा कागद लय चांगला होता.”

“अन् तिथून आवाज जाईन का?” समितीच्या काकांनी विचारलं. “बोलून दाखव बरं.”

मी ओट्यावर जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. ते दोघं मैदानात चाळीस-पन्नास पावलं लांब गेले. मला एक शब्द सुचेना. शेवटी बिछायतवाले काकाच परत आले, माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि घरात बोलावं तसं हळू म्हणाले, “उद्या नाश्त्याले साधे पोहे का तर्रीपोहे?”

“तर्रीपोहे!” लांबून समितीचे काका ओरडले. मग स्वतःच चमकले. “अरे, हे तर माईकशिवाय ऐकू येऊन राहिलं गा!”

सतरंज्या टेम्पोतून पुन्हा उतरल्या.

सकाळी साडेपाचला बाई आल्या. मी त्यांना स्टेजकडे न नेता ओट्याकडे नेलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, आणि चप्पल काढली. प्रखर दिवे नव्हते. ओट्यावरची नेहमीची ट्यूबलाइट आणि सतरंज्यांवर पडेल असा एक पिवळा दिवा, एवढंच. सत्कार तिकडे स्टेजवर दणक्यात झाला, शाली-नारळ झाले, बॅनरसकट फोटो निघाले. सोफे मात्र आम्ही हलवायचे विसरलो होतो. त्यामुळे गाणं सुरू झालं तेव्हा पाहुणे रिकाम्या स्टेजकडे तोंड करून बसले होते आणि माना वळवून ओट्याकडे पाहत होते.

बाईंनी पहाटेचा राग ललत सुरू केला. पहिली दहा मिनिटं त्या खालीच राहिल्या. मी तानपुरा घेऊन मागे बसले होते, त्यांची पाठ पाहत. पहिल्या सतरंजीवर निळ्या साडीतल्या एक आजी होत्या, इतक्या जवळ की बाईंचा हात लागला असता. बाई त्यांच्याकडे पाहून सुरांची एक जागा घेत आणि थांबत. आजी मान हलवत. मग बाई पुढची घेत.

मग वरचा षड्ज आला. तो लागला. सरळ नाही लागला, किंचित थरथरला, पण बाईंनी तो सोडला नाही. तेवढ्यात उजाडायला लागलं होतं. ओट्याचं तोंड पश्चिमेला आणि लोकांचं पूर्वेला, त्यामुळे उजेड लोकांच्या चेहऱ्यांवर हळूहळू आला. हे मी ठरवलेलं नव्हतं, मला सुचलंही नव्हतं. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. आम्हा पोरींना बसवायला बाई मागे वळल्या नाहीत. पाहुण्यांपैकी एक जण बूट काढून मुकाट्याने सतरंजीच्या कोपऱ्यावर येऊन बसला.

गाणं सव्वा तास चाललं. नंतर पोह्यांच्या रांगेत एक मावशी समितीच्या काकांना सांगत होत्या, “आमच्या मागच्या लायनीले काहीच दिसलं नाही. नुसतं ऐकू आलं. हे काय बसवणं झालं?” त्यांचं बरोबर होतं. मी ते ऐकून घेतलं.

बाई ओट्याच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, हातात गरम पाण्याचा पेला. आवाज पार बसला होता.

“महालातल्या एका मंडळाचा माणूस येऊन गेला आता,” त्या जवळजवळ कुजबुजत म्हणाल्या. “माघात त्यांच्या हॉलमध्ये बसता का म्हणतो.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आधी आमची मुलगी हॉल पाहून जाईल. ती सांगेल मी कुठे बसायचं ते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पण तिथली माणसं आडमुठी आहेत. कागद दाखवून नाही भागायचं. बोलावं लागेल तुला.”

“बोलेन,” मी म्हटलं.

“मोठ्याने,” बाई म्हणाल्या, आणि पेला पुढे केला. मी पाणी आणायला गेले.