खांद्यावर न मावलेला सरपंच

आनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात मिरची कांडपाच्या डंकावर रांगेत होतो. डोळ्यांना धार लागली, पण तिथं ती सगळ्यांनाच लागलेली असते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पावणं, नवीन दिसताय. टावेल बांधा की नाकाला!" महिना झाला त्याला.

आनंदा म्हणजे आमच्या पंचगंगेकाठच्या गावचा सरपंच, आणि त्याआधी दिव्यांगांच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मारलेला पोहणारा. पोलिओनं लहानपणीच दोन्ही पाय गेलेले. आम्ही पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. यानं डबा कधी बांधलाच नाही. तो पाण्यात पडला की मासे बाजूला होऊन वाट द्यायचे. मासे साक्षीला येत नाहीत म्हणून बिनधास्त सांगतो. एकदा त्यानं नदीत बुडी मारली, ती पलीकडं वर येईतोवर मी घरी जाऊन भाकरी खाऊन आलतो. बरं, अर्धीच भाकरी.

पण मला खरं कुतूहल त्याच्या पोहण्याचं नव्हतं... बाहेर येण्याचं होतं. विहिरीच्या पायऱ्यांवर तो पाण्याकडं तोंड करून बसायचा आणि तळहातांवर जोर देत एकेक पायरी मागंमागं चढायचा. हात पुढं केला की डोळे वटारायचा. शेवटी विचारलं, "लेका, आम्ही धरलं तर दोन मिनटात वर. तुझं काय जातंय?"

"उचललं की कुठं जायचं, कुठं थांबायचं, ते तुम्हीच ठरवतासा," तो म्हणाला.

मला वाटलं, माज हाय गड्याला.

निवडून आला त्या दिवशी गुलाल एवढा उधळला की गावच्या म्हशी आठवडाभर गुलाबी दूध देत होत्या. आमच्याकडं जिंकलेल्याला खांद्यावर घेतल्याशिवाय निकाल लागला असं कुणी मानत नाही. त्या भरात मीच त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलला. अख्खं गाव ओरडत होतं. मिरवणूक त्याचं घर मागं टाकून पुढं गेली. "खाली ठेव," असं तो तीनदा म्हणाला. हलगीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो... ऐकू आलं होतं.

सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. पंचायतीचं सभागृह माडीवर. पहिल्या सभेला तो तसाच उलटा बसून चढला, आणि सगळे सदस्य खालच्या पायऱ्यांवर त्याच्या समोर ताटकळले. ओलांडून जायची छाती कुणाची? चढता चढता तो एकेकाला पाण्याच्या टाकीचं, गटारीचं विचारत होता. माडी येईतोवर निम्मी सभा आटोपली. तिथनं पुढच्या सभा सदस्यांनीच खाली घेतल्या. सहाव्या महिन्यातल्या सभेला मी दारात रेंगाळत होतो. आतून आवाज आला, "आत ये की मर्दा. का उचलून आणू?"

तसं माझं प्रकरण मिटलं. माफी मात्र मी कधी मागितली नाही, त्यानंही ती कधी मागायला लावली नाही.

तो गेला त्या दिवशी दारात तिरडी बांधून झाली. चौघं पुढं झाले, त्यांत मी एक. हात खाली जाईना. उंबऱ्याशी बसलेल्या त्याच्या बायकोला विचारलं, "वहिनी... उचलू काय?" माणसं माझ्याकडं बघायला लागली, असं कधी कुणी विचारतं होय?

वहिनींनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. "उचला, भावजी," म्हणाल्या. "आज त्यांची ना न्हाय."

एरवी मी सांगितलं असतं, हत्तीएवढं ओझं होतं. नव्हतं. हलकाच होता. पण नदीपर्यंत मी खांदा बदलू दिला नाही.

तेव्हापासून एक खोड जडलीय. परवा एस्टीत एक म्हातारी चढत होती. हात पुढं केला आणि तसाच थांबलो. "आजी, धरू काय?"

"इचारतोस काय मुडद्या," ती ओरडली, "धर की!"