मामांचा एक घास

ताडकळसात चीजकेक मिळतो, हे परभणीच्या लोकांना आधी खोटंच वाटायचं. आता वाढदिवस जवळ आला की ते शिवकन्येलाच फोन लावतात. तिची रीत साधी. खाली लोण्यात मळलेला बिस्किटांचा चुरा, वर चक्का नि आटवलेलं दूध, आणि कुकरमध्ये मिठावर मंद आच. आंब्याच्या दिवसांत आंब्याचा, पुढं सीताफळाचा, मधे कधी गुलकंदाचा. संक्रांतीला तर तीळगुळाचासुद्धा. एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा भाव विचारत नाही, "सध्या कुठला हाय?" एवढंच विचारतो.

घरातलं एक गिऱ्हाईक मात्र हटून बसलं होतं. तिचे सासरे, कल्याणराव; ती त्यांना मामा म्हणायची. गळ्यात लिंग, कपाळी भस्म आणि मत ठाम: केक म्हणलं की अंडं आलंच. शिवकन्या सांगून सांगून थकली. सगळ्या परभणीनं वाखाणलं तरी तिचा जीव या एका घासात अडकलेला.

श्रावणी सोमवारी घरी जंगम स्वामी जेवायला आले. शिवकन्या पुऱ्या तळत होती, म्हणून गोड वाढायला सासूबाई, गौराबाई, उठल्या. फ्रिजमध्ये श्रीखंड खाली होतं आणि वर परभणीच्या ऑर्डरीचा केक, अजून न सजवलेला. पांढराशुभ्र, घट्ट, वर वेलदोड्याचा वास. गौराबाईंनी बिनघोर त्यातच डाव खुपसला.

पुऱ्या घेऊन आलेली शिवकन्या स्वामींचं ताट बघून उंबऱ्यातच थबकली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"स्वामी, श्रीखंड न्हाई ते, केक हाय," ती म्हणाली. "पण बिनअंड्याचा."

कल्याणरावांचा चेहरा राखेसारखा झाला. स्वामींनी बोटं चाटली आणि आणखी वाढायला सांगितलं. मग त्यातलाच एक घास प्रसाद म्हणून कल्याणरावांच्या तळहातावर ठेवला. जंगमाच्या हातचा प्रसाद नाकारायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. कल्याणरावांनी डोळे मिटून, विषाची परीक्षा घ्यावी तसा तो तोंडात टाकला. डोळे उघडायला मात्र त्यांनी बराच वेळ लावला.

"अंडं नसतंय, हे आधी सांगायचं की, पोरी."

शिवकन्येनं पदर तोंडाशी धरला.

परभणीच्या गिऱ्हाइकानं वाढदिवस एक दिवस पुढं ढकलला, पण केक दुसरीकडून आणला नाही. नवा केक पोचवायला कल्याणराव स्वतः निघाले, डबा मांडीवर घेऊन. बसमध्ये शेजाऱ्यानं विचारलं, काय घेऊन चाललात?

"श्रीखंडच हाय," ते म्हणाले, "बसायला बिस्किटाचा पाट दिलाय. आमच्या सुनेनं."