माघारीचा अर्ज मी दिला

आमच्या लोकसभा मतदारसंघाचा राजकीय इतिहास आता पुस्तकरूपात आला आहे. गुळगुळीत कागद, पहिली आठ पानं पुढाऱ्यांच्या फोटोंची. कोण कितीदा निवडून आलं, कोणी कोणाची साथ सोडली, सगळं आहे. मधेच एका पानावर एक ओळ आहे: टेलच्या गावांच्या अपक्ष उमेदवाराने समजुतीने माघार घेतल्यामुळे लढत एकतर्फी झाली.

ही ओळ धादांत खोटी आहे. ते सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे, आणि ती खरी वाटावी याची व्यवस्थाही मीच केली होती.

तो उमेदवार माझा मित्र. आमचं गाव खडकवासल्याच्या कालव्याच्या अगदी शेवटी, म्हणजे टेलला. पाणी सुटलं की आधी पुणे, मग वरच्या अंगाचा ऊस, आणि चुकून काही उरलंच तर आम्ही. दर निवडणुकीत पुढारी येऊन सांगायचे, पुढचं आवर्तन टेलपासून सुरू करू. निवडून आले की त्यांना टेल कुठे आहे ते आठवायचं नाही. मित्र म्हणाला, ‘‘समोर टेलचं कुणी उभंच राहत नाही, म्हणून ह्यांचं फावतं.’’ आणि स्वतः उभा राहिला. तेव्हा अपक्षालाही एकच सूचक पुरे असे. तो सूचक मी.

आमच्याकडच्या गरीब उमेदवारांची एक पद्धत होती. कचेरी पुण्यात, प्रचार गावोगाव, आणि एसटीनं जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडणार. म्हणून उमेदवार कोऱ्या कागदांवर सह्या करून विश्वासातल्या माणसाकडे ठेवायचा. सभेची परवानगी, कर्ण्याची परवानगी, जे लागेल ते त्यावर लिहून द्यायचं. आमच्या ओसरीवर बसून त्यानं कागदामागून कागद सह्या करून दिले.

‘‘अरे, मोजून तरी ठेव,’’ मी म्हणालो.

‘‘तू आहेस ना? मग मी कशाला मोजू.’’

मी तेव्हा पुढाऱ्यांच्याच संस्थेत हंगामी शिक्षक होतो. माघारीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी बोलावून घेतलं. चहा मागवला. म्हणाले, ‘‘गुरुजी, पुण्याच्या शाळेत जागा आहे. कायम. तुमचे मित्र काही निवडून येत नाहीत, नुसती आमची मतं खाणार. त्यांच्या सह्या तुमच्याकडे असतात म्हणे.’’

मी किती विचार केला असेल? चहा संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला कचेरीत गेलो. एका सहीवर माघारीची नोटीस, दुसऱ्या सहीवर ती नोटीस द्यायचा मला अधिकार दिल्याचं पत्र. अधिकाऱ्यानं विचारलं, ‘‘उमेदवार कुठे आहेत?’’

‘‘प्रचारात,’’ मी म्हणालो.

माघार घेणारा माणूस प्रचारात कसा, असं त्यानं विचारलं नाही. सही ताडून पाहिली आणि नोटीस ठेवून घेतली. दुपारी तीनला मुदत संपली. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला.

‘‘सही माझीच आहे का?’’

‘‘हो.’’

‘‘मग अधिकाऱ्याची काही चूक नाही,’’ असं म्हणून तो गेला. पुन्हा कधी बोलला नाही.

गावानं ठरवून टाकलं, हा विकला गेला. तो कालव्यावर दिसला की पोरंसोरं म्हणायची, ‘‘खासदार आले, खासदार.’’ त्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. मी असं केलं, हे बहुधा त्याला तोंडानं उच्चारवलंच नसावं. तो तसाच वारला. मी इकडे विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला, पेन्शन घेतली, शिक्षकदिनाला नारळ घेतले.

पुढाऱ्यांवर माझा राग आहेच. पण त्यांनी मागितलं आणि मी दिलं. आता ओळखीचे लोक म्हणतात, तो काळच तसा होता. काळ गेला नव्हता कचेरीत, मी गेलो होतो.

पुस्तक वाचून हडपसरहून त्याच्या मुलीचा फोन आला. ‘‘काका, तुम्ही अण्णांचे सूचक होता ना? अण्णांनी खरंच समजुतीनं माघार घेतली होती का?’’ मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पुस्तक काढणाऱ्यांना सांगा.’’

सांगितलं. संपादक तरुण, नम्र. ‘‘सर, आपल्या भावना समजतात. पण आता कुणाला दुखवायचं? पुढच्या आवृत्तीत ती ओळच गाळून टाकू.’’

मुलीला हे कळवलं, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘गाळायची नाही. अण्णा उभे राहिले होते. ते राहू दे, आणि पुढचं खरं लिहा. नाही लिहीत ते, तर तुम्ही गावात चला.’’

गेल्या महिन्यात आम्ही ग्रामसभेला गेलो. मी उभा राहून हे सगळं, इथं लिहिलं आहे तसंच, वाचून दाखवलं. ती बायकांत बसली होती. सरपंच मोबाइल बघत होता, तो त्यानं खिशात ठेवला. मला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो, हेही कबूल करतो.

आमच्या बरोबरीचा एक म्हातारा काठी टेकत उठला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. त्या मुलीसमोर जाऊन म्हणाला, ‘‘बाई, तुझ्या बापाला लई बोललो आम्ही. मी तर तोंडावर बोललोय.’’

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी तिथंच होते.’’

मग तिनं सरपंचाला सांगितलं, ‘‘हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. काकांच्या नावासकट.’’ ग्रामसेवकानं पेन उघडलं आणि मला म्हणाला, ‘‘पहिल्यापासून सांगा. सावकाश.’’