दाजींच्या गाण्यातला जाळ

आमच्या दाजींइतका थंड माणूस कोल्हापुरात झाला नाही आणि त्यांच्या गाण्यांइतकी होरपळलेली गाणी उभ्या महाराष्ट्रात कुणी लिहिली नसतील. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, कचेरीत कारकून. बशीत ओतलेल्या चहावर साय धरेपर्यंत थांबायचे. एकदा एका सायकलवाल्यानं त्यांना आडवं केलं, तर पडल्यापडल्या त्यालाच विचारतात, "लागलं न्हाय न्हवं, पावणं?" पण गणपतीतल्या मेळ्यासाठी गाणं लिहायला बसले, की पहिल्या ओळीत ठिणगी, दुसरीत वणवा आणि कडवं संपेतो काळजाचा कोळसा! मेळ्यात गाणारा पेठेतला शिंपी शेवटी हात जोडून म्हणाला, "दाजी, औंदा एखादं पावसाचं लिवा की. पब्लिकला घाम फुटतोय." दाजींनी लिहिलं. पहिल्याच सरीला ढग पेटला.

मला भारी कुतूहल, या माणसाच्या आत जळतंय तरी काय? विचारलं तर म्हणायचे, "गाण्याला जाळ लागतोयच की. भाकरीला लागत न्हाय व्हय?"

पेठेतल्या बायकांना वेगळंच कुतूहल. "कुणासाठी एवढं जळत्यात गं?" असं त्यांनी अक्कालाच विचारलं. तिनं ते मनाला लावून घेतलं. मला बोलावून म्हणाली, "लग्नाआधीची कोण हुती का, काढून घे. तुला सांगतील." मी दाजींना रंकाळ्यावर फिरायला नेलं आणि भेळ खाताखाता विचारलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. "अरं, मला कोण बसतंय जाळायला?" म्हणाले, आणि उरलेली भेळ माझ्या हातात देऊन घराकडं वळले.

त्या वर्षी मेळ्याला अक्का मुद्दाम पुढं बसली. गाण्यात कुणा बाईचं नाव निघतंय का, ते ऐकायला. शिंप्यानं दाजींचं नवं गाणं उचललं,

ओल्या घडीनं विझंना आग,
कुशीत निजली, येईना जाग.

मला ते नेहमीचंच वाटलं. सहज वळून बघतो, तर अक्कानं तोंडात पदराचा बोळा धरलेला. त्यांची पहिली मुलगी वर्षाची व्हायच्या आत तापानं गेली होती. मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत दाजीच तिला मांडीवर घेऊन बसले होते. सुतक फिटताच ते कचेरीत गेले आणि तिचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही. यांना काही वाटलंच नाही, असं अक्का इतकी वर्षं धरून चालली होती.

परतताना तिनं विचारलं, "माझ्यापाशी बोलायचं न्हाय व्हय?"

दाजी म्हणाले, "बोलाय गेलो की माझा आवाजच फुटत न्हाय. शिंप्याचा फुटतोय, म्हणून त्याला देतो."

पुढं पुढं संध्याकाळी दोघं दारात बसलेली दिसायची. अक्का त्या पोरीच्या आठवणी सांगायची, ती कुणाला बघून हसायची, कसं तोंड वाकडं करायची. दाजी मान खाली घालून ऐकायचे. मधेच हलकेच म्हणायचे, "उजव्या न्हाय गं. खळी डाव्या गालाला पडायची."