निवृत्त झालेला नऊ नंबर

त्या माणसाचं नाव मला आजही ठाऊक नाही. बेळगावच्या मैदानावर तो माझ्या शेजारी बसला होता आणि येणारा-जाणारा त्याला नुसतं ‘नऊ नंबर’ म्हणत होता. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, हा आता काही खेळत नाही असं समजून, संकेश्वरच्या त्याच्या संघानं शाल-श्रीफळ देऊन त्याच्या जर्सीचा तो नंबरच निवृत्त करून टाकला होता. गुडघा मात्र बरा झाला.

उपांत्य सामना बरोबरीत, दहा मिनिटं उरलेली, आणि त्याच संघाचा एक गडी लंगडत बाहेर आला. बाकावर दुसरं कुणी नव्हतं. पंच म्हणाले, “कुणाला पाठवायचं ते दोन मिनिटांत पाठवा.”

माझ्या शेजाऱ्यानं शांतपणे शर्ट काढला. आत नऊ नंबरची जुनी जर्सी होती.

संघाचे सेक्रेटरी धावत आले. “अण्णा, त्यो नंबर कुणी घालायचा न्हाय. ठराव झालाय.”

“मी बी न्हाय?”

“कुणीच न्हाय.”

“सत्कार केलासा, लई बरं केलासा. पण माणूस अजून पळतोय का, एवढं तरी बघायचं हुतं.”

पंच घड्याळ बघू लागले. माझ्या शेजाऱ्यानं पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढून सेक्रेटरींच्या हातात ठेवली.

“नवाच्या आदी एक उभी पट्टी मारा. एकोणीस हुतंय.”

आणि त्यानं त्यांच्याकडं पाठ केली.

सेक्रेटरींनी मैदानाकडं पाहिलं, पाठीकडं पाहिलं आणि दातांनी पट्टी तोडली.

“हलू नगासा, अण्णा,” ते पुटपुटले. “एक वाकडा आला तर पंच बाहेर काढतील.”