हलगीची जागा

आमच्या औरादचा बँड शरणांची वचनं, कव्वाली, भीमगीतं एकत्र वाजवतो अन् मोर्चातही पुढं असतो. त्यातल्या हलगीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गल्लीच्या कार्यक्रमाआधी तो जाळावर हलगी तापवून टिचक्या मारत, कान लावून ऐकत होता. मी संयोजकाच्या तोऱ्यात म्हणालो, "गिटार स्टेजवर. हलगी खाली, रिवाजाप्रमाणं."

तो हसला. "अण्णा, बाप जल्मभर खालीच उभारून वाजवला. म्हणून तर बँड काढलाव आमी."

गिटारवाला आणि बँडमधली गाणारी पोरगी स्टेजवरून खाली उतरून त्याच्या शेजारी उभे राहिले.

शेवटी मीच हलगी उचलून वर नेली. हात चांगलेच पोळले.

घरी हा किस्सा मी ऐटीत सांगतो, फक्त माझं ते 'हलगी खाली'चं वाक्य गाळतो. आज गाळलं नाही.