कुठं म्हणायला डेस्टिनेशन

कामथडीजवळ हायवेला एक मेकॅनिक आहे. माझी मोटारसायकल जुनी, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्याच्याकडे जाणं होतं. चाळिशीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे आणि तोंडात लांबलचक इंग्रजी शब्द. गाडी लावली की विचारतो, "डेस्टिनेशन?" म्हणजे कुठं निघालात. दुपारपर्यंत होईल का, विचारलं तर "प्रॉबेबिलिटी हाय," म्हणजे कदाचित. निघताना "रिस्पॉन्सिबिलिटी माजी," म्हणजे काळजी करू नका.

मी भोरला शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याचे शब्द ऐकून मनातल्या मनात हसायचो. एकदा घाईत होतो, वैतागून म्हणालो, "अहो, साधं 'कुठं निघालात' म्हणा की."

त्यानं पाना खाली ठेवला. "क... क..." डोळे मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द आला नाही.

मग शांतपणे म्हणाला, "ह्या अक्षराला मी अडतो, सर. लहानपणापास्नं. म्हनून दुसरं शब्द घोकलं. इंग्रजी झाडतो म्हनून लोक हसत्यात, त्ये चालतं. अडलो म्हनून हसलं की लई लागतं."

कुठं, कदाचित, काळजी. तिन्ही शब्द 'क'चे आहेत, हे मला तेव्हा उमगलं. माफी मागायची होती, पण एवढंच विचारलं, "घरीही असंच बोलता?"

"माज्या आयला इंग्रजी येत न्हाई," तो म्हणाला. "तिला रोज मराठीतच इचारतो, क... क... कशी हायेस. लई येळ लागतो. ती तव्यावरची भाकरी खाली उतरवती, आन् थांबती."